जळालेली मोटार आणि ओमेगाचा वर्ग: कॉम्प्लेक्स नंबरचे घात

आजचा भाग पुण्यातल्या खोलीतून नाही, फुलंब्रीच्या घरून रेकॉर्ड करतोय. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या. एपिसोड ऐकताना आकडे कानातून निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून हा उतारा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त गणितं जरा सावकाश लिहिली आहेत. आणि हो, वर्गात ज्याला आपण 'आय' म्हणतो, म्हणजे −१ चं वर्गमूळ, ते इथेही 'आय' असंच लिहितोय.

विषय आहे कॉम्प्लेक्स नंबर, मराठी पुस्तकातली संमिश्र संख्या, आणि तिचा घात. अकरावीवाल्या एका श्रोत्याने विचारलं होतं: "दादा, डी मॉयव्हरचं सूत्र पाठ आहे, दहावा घात काढून देतो, मार्क पण मिळतात. पण हे चाललंय काय?" प्रश्न वाचून मला आमच्या विहिरीवरची मोटार आठवली. कारण याचं उत्तर मला वर्गात मिळालं नाही, त्या मोटारीमुळे मिळालं. तेही चार वर्षं उशिरा.

तर आधी मोटारीची गोष्ट.

अकरावीची परीक्षा संपली होती, बारावीचे क्लास सुरू व्हायचे होते. मे महिना. अद्रकची लागवड नुकतीच झालेली, आणि अद्रकला त्या दिवसांत पाणी चुकवून चालत नाही हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. आमच्या विहिरीत अर्ध्यावर एक ओटा आहे, त्यावर ३ एचपीची मोनोब्लॉक मोटार. त्या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीची होती. रात्री उठायला नको म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेला, लाइन आली की मोटार आपोआप चालू. त्याच्या शेजारी अजून एक छोटा डबा, सिंगल फेज प्रिव्हेंटर. तीनपैकी एक फेज गेला असेल तर मोटार चालू होऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

पण तो सारखा ट्रिप मारायचा. दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) दोन रात्री उठून बॅटरी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी मी हुशारी केली. वायरचा एक तुकडा घेतला, दोन टोकं सोलली आणि प्रिव्हेंटर बायपास करून टाकला. कुणाला सांगितलंही नाही. ओव्हरलोड रिलेचं सेटिंग तर आधीच शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं होतं.

चार दिवसांनी डीपीवरचा एक फ्यूज उडाला. रात्री लाइन आली ती दोनच फेजवर. ऑटोने त्याचं काम केलं. सकाळी आम्ही गेलो तर विहिरीतून जळक्या वार्निशचा वास येत होता. वाफ्यांत पाण्याचा थेंब नाही. शेजारच्या वावरात राखणीला असलेले काका म्हणाले, "रातच्याला तुमची मोटार नुसती घूं घूं करू लागली होती, पाणी काही पडंना."

दोघा-तिघांनी मिळून मोटार वर काढली आणि मोटारसायकलवर बांधून चाचांकडे नेली. चाचा म्हणजे मोटारी भरणारे, आख्ख्या पट्ट्यातल्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी झाकण उघडलं, आत एक नजर टाकली आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ. तीन फेजच्या कॉइली. दोन काळ्या, एक कोरी. दोन फेजवर राहिली ही. प्रिव्हेंटर नव्हता का?" दादांनी माझ्याकडे बघितलं. तो वायरचा तुकडा त्यांनी सकाळीच काढून खिशात टाकला होता हे मला नंतर कळलं. ते एक शब्द बोलले नाहीत. मोटार भरायचे पैसे माझ्या क्लासच्या दुसऱ्या हप्त्यातून गेले आणि ते उन्हाळ्याचे दोन महिने मी घरीच अभ्यास केला.

डोक्यात मात्र एक प्रश्न अडकून बसला. तीनपैकी दोन फेज तर येत होते. म्हणजे जोर कमी झाला असेल, समजू शकतो. पण मग मोटार दोन तृतीयांश जोराने का फिरली नाही? निदान हळूहळू तरी? जागची हललीच नाही, असं का? चाचांना विचारलं तर म्हणाले, "अरे, दोन फेजवर मोटार उठतच नसते." खरं आहे, पण हे उत्तर झालं नाही.

आता गणिताकडे.

३ + ४आय हा नंबर घ्या. कागदावर त्याचा अर्थ: विहिरीपासून ३ पावलं पूर्वेला आणि ४ पावलं उत्तरेला. ही झाली पत्ता सांगायची एक पद्धत. दुसरी पद्धत अशी: या दिशेला तोंड कर आणि सरळ ५ पावलं चाल. दिशा म्हणजे पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजलेला कोन, इथे साधारण ५३°. झाड एकच, पत्ते दोन. दुसऱ्या पत्त्यालाच त्रिकोणमितीय रूप म्हणतात: लांबी गुणिले (कॉस थीटा + आय साइन थीटा). कॉस म्हणजे पूर्वेकडचा वाटा, साइन म्हणजे उत्तरेकडचा. बस, एवढंच.

दोन पत्ते कशाला हवेत? कारण बेरीज पहिल्या पत्त्यात सोपी आणि गुणाकार दुसऱ्यात. गुणाकाराचा नियम एका ओळीचा आहे: लांब्यांचा गुणाकार करा, कोनांची बेरीज करा.

आय या नंबरचाच पत्ता बघा. लांबी १, कोन ९०°. म्हणजे आयने गुणणं म्हणजे लांबी तशीच ठेवून काटकोनात वळणं. दोनदा वळलात की १८०°, तोंड पश्चिमेला, म्हणजे −१. आयचा वर्ग −१ का, तर दोन वेळा डावीकडे वळलं की माणूस पाठमोरा होतो म्हणून. माझ्यासाठी 'कल्पित संख्या' या शब्दाची भीती तिथेच संपली. यात कल्पित काही नाही, वळण आहे.

एकदा गुणाकार असा दिसला की घात आपोआप येतो. घात म्हणजे तोच नंबर पुन्हा पुन्हा गुणणं. दर गुणाकाराला कोन तेवढ्यानेच वाढणार. म्हणून:

(कॉस थीटा + आय साइन थीटा) चा एनवा घात = कॉस (एन थीटा) + आय साइन (एन थीटा)

आणि लांबी असेल तर लांबीचा एनवा घात बाहेर. हेच डी मॉयव्हरचं सूत्र.

परीक्षेतलं आवडतं गणित: (१ + आय) चा १०वा घात. द्विपद प्रमेयाने सोडवायला गेलात तर ११ पदं येतील आणि चिन्हांत कुठेतरी घसराल. त्यापेक्षा पत्ता बदला. लांबी √२, कोन ४५°. √२ चा १०वा घात ३२. कोन ४५ गुणिले १० म्हणजे ४५०°, त्यातून एक पूर्ण फेरी, ३६०° वजा, उरले ९०°. म्हणजे तोंड उत्तरेला आणि ३२ पावलं: उत्तर ३२आय. पडताळा हवा? (१ + आय) चा वर्ग २आय. २आयचा ५वा घात ३२ गुणिले आयचा ५वा घात, आणि आय पाच वेळा वळून पुन्हा आयवरच येतो. ३२आय. जुळलं.

'एक पूर्ण फेरी वजा' ही पायरी लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे.

आता, कोनांची बेरीज का होते? दोन कंस साधे गुणून बघा. (कॉस ए + आय साइन ए) गुणिले (कॉस बी + आय साइन बी). आयचा वर्ग −१ घेतला की आयशिवायचा भाग येतो: कॉस ए कॉस बी वजा साइन ए साइन बी. आणि आयसोबतचा भाग: साइन ए कॉस बी अधिक कॉस ए साइन बी. ही तर कॉस (ए + बी) आणि साइन (ए + बी) ची सूत्रं, जी तुम्ही आधीच्या धड्यात घोकली होती. सिद्धता संपली.

इथे थोडं वाट सोडून बोलतो. ही बेरजेची सूत्रं आपल्या भागाला जवळची आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यातल्या ज्योत्पत्तीच्या भागात, म्हणजे साइनची कोष्टकं कशी तयार करायची त्या भागात, दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढायचा नियम आहे. आमच्याकडून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, आणि चाळीसगावजवळ पाटण. पाटणादेवीला सहलीला गेला असाल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख त्या पाटणला सापडला.

पण लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'डी मॉयव्हरच्या आधी आपणच शोधलं' असं फॉरवर्ड करू नका, प्लीज. त्याच भास्कराचार्यांनी 'बीजगणितात' स्पष्ट लिहिलंय की ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ऋण संख्या कशाचाच वर्ग नाही. म्हणजे कोनांची बेरीज त्यांच्या हातात होती, आय नव्हता. दोन्ही एकत्र यायला पुढे सहा-एक शतकं गेली. मला ते जास्त भारी वाटतं, की इतका मोठा माणूसही या दारापाशी थांबला.

डी मॉयव्हरचं आयुष्यही ऐकण्यासारखं आहे. अब्राहम डी मॉयव्हर, जन्म १६६७, फ्रान्समधला प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये तिथल्या राजाने प्रोटेस्टंट लोकांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं आणि हा लंडनला निघून आला. न्यूटनच्या ओळखीचा, रॉयल सोसायटीचा सदस्य, पण विद्यापीठात नोकरी शेवटपर्यंत मिळाली नाही. घरोघरी शिकवण्या घ्यायचा आणि कॉफी हाउसमध्ये बसून लोकांना जुगारातल्या शक्यतांची गणितं सोडवून द्यायचा. म्हणजे आजच्या भाषेत, आयुष्यभर ट्यूशनवर जगलेला माणूस. १७०७ आणि १७२२ च्या त्याच्या लेखांत या सूत्राचा गाभा आहे. आपण ज्या रूपात लिहितो ते रूप ऑयलरने १७४८ मध्ये दिलं.

बरं, मोटारीकडे जायच्या आधी एक नंबर तयार करायचाय.

असा नंबर शोधा ज्याचा घन १ येतो. १ स्वतः तर आहेच. अजून? उलटं चाला: लांबीचा घन १ म्हणजे लांबी १. कोनाची तिप्पट म्हणजे पूर्वेला तोंड, म्हणजे ०°, किंवा एक फेरी मारून ३६०°, किंवा दोन फेऱ्या मारून ७२०°. तिनाने भागा: ०°, १२०°, २४०°. तीन उत्तरं! १२०° वाल्याला अकरावीच्या पुस्तकात ओमेगा म्हणतात. ओमेगा = −१/२ + आय √३/२. त्याचा वर्ग २४०° वर, म्हणजे −१/२ − आय √३/२. त्याचा घन ३६०°, म्हणजे १. आणि चौथा घात? ४८०°, एक फेरी वजा, १२०°, पुन्हा ओमेगाच. घात वाढत जातात आणि हा पठ्ठ्या तीनच जागांवर फिरत राहतो.

आणि १ + ओमेगा + ओमेगाचा वर्ग = ०. आकडे घालून बघा, किंवा चालून बघा: एक पाऊल पुढे, १२०° वळा, एक पाऊल, १२०° वळा, एक पाऊल. समभुज त्रिकोण पुरा झाला, जिथून निघालात तिथेच उभे.

इथे माझी एक फजिती सांगतो. पहिल्या नोकरीत मी वीज मीटरच्या डेटावरून तिन्ही फेजचे कोन दाखवणारा कोड लिहिला. कोन काढायला काय करतात? उत्तरेचा आकडा भागिले पूर्वेचा आकडा, आणि टॅन इन्व्हर्स. ओमेगासाठी भागाकार येतो −√३ आणि टॅन इन्व्हर्स सांगतो −६०°. खरा कोन १२०°! भागाकारात उणे वर होतं की खाली ही माहितीच हरवते. तपासायचं असेल तर घन करा: −६०° ची तिप्पट −१८०°, म्हणजे ओमेगाचा घन −१ येईल, जे चूक आहे. माझ्या स्क्रीनवर तीन फेज ०°, −६०° आणि ६०° वर दिसत होते आणि मी अर्धा दिवस मीटरला शिव्या घालत होतो. म्हणून आधी बिंदू कागदावर काढा, कुठल्या चतुर्थांशात आहे बघा, मग कोन लिहा. कोडमध्ये 'अ‍ॅटन' ऐवजी 'अ‍ॅटन२' वापरा, ते दोन्ही आकडे वेगवेगळे घेतं. परीक्षेत या गणितात जाणारे मार्क बहुतेक इथेच जातात.

आता थ्री फेज. विहिरीवर येणाऱ्या तीन वायरींमधलं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतं. तिन्हींचं वर-खाली होणं एकाच वेळी होत नाही, एकमेकांपासून एक तृतीयांश फेरी मागे-पुढे होतं. एक तृतीयांश फेरी म्हणजे १२०°. ओळखलंत? पहिली वायर १ मानली तर दुसरी ओमेगा आणि तिसरी ओमेगाचा वर्ग. (काही पुस्तकांत दुसरी आणि तिसरी उलट लिहितात, त्याने पुढचं काही बदलत नाही.) तिघींची बेरीज शून्य, म्हणूनच तिन्ही फेज समसमान असतील तर मोटारीला न्यूट्रलची गरज पडत नाही.

एसी करंटचा हिशोब कॉम्प्लेक्स नंबरने करायची पद्धत स्टाइनमेट्झ या इंजिनिअरने १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडली. त्याआधी हेच हिशोब कॅल्क्युलसने, पानंच्या पानं भरून करायचे.

मोटारीच्या आत तीन फेजच्या कॉइली गोलात १२०° च्या अंतराने बसवलेल्या असतात. करंट आधी पहिलीत चढतो, मग दुसरीत, मग तिसरीत. त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि रोटरला ओढत नेतं. आता शेतकऱ्याला माहीत असलेली एक गोष्ट: केबल नव्याने जोडली आणि मोटार उलटी फिरली तर काय करता? कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल. का चालतं हे? १, ओमेगा, ओमेगाचा वर्ग हा क्रम म्हणजे ०°, १२०°, २४०°. दुसरी-तिसरी बदलली की १, ओमेगाचा वर्ग, ओमेगा. म्हणजे ०°, २४०°, ४८०°. दर पावलाला २४०° पुढे म्हणजेच १२०° मागे. क्षेत्र उलटं फिरायला लागलं. मोटार सुलटी की उलटी, हे ओमेगा आधी की त्याचा वर्ग आधी यावर ठरतं. चाचांच्या दुकानात हे रोज होतं, फक्त ओमेगा हे नाव कुणी घेत नाही.

तिन्ही फेज समान नसतील तेव्हा काय, याचं उत्तर फोर्टेस्क्यू नावाच्या इंजिनिअरने १९१८ मध्ये दिलं. तो म्हणाला, तीन वायरींतले करंट कितीही वाकडेतिकडे असोत, त्यांचे तीन वाटे करता येतात: एक सुलटा फिरणारा समतोल संच, एक उलटा फिरणारा समतोल संच, आणि एक तिन्हींत सारखाच असलेला. प्रत्येक वाटा वेगळा काढायला एक चाळणी लागते. ती चाळणी ओमेगाच्या घातांची आहे.

सुलट्याची चाळणी अशी: पहिल्या वायरीचा आकडा तसाच घ्या, दुसरीच्याला ओमेगाच्या वर्गाने गुणा, तिसरीच्याला ओमेगाने. तिघांची बेरीज भागिले ३. आधी शुद्ध सुलटा संच टाकून बघू: १, ओमेगा, ओमेगाचा वर्ग. दुसरीकडे ओमेगा गुणिले ओमेगाचा वर्ग, म्हणजे घन, म्हणजे १. तिसरीकडेही घन, १. बेरीज ३, भागिले ३, उत्तर १. पुरा माल चाळणीत राहिला. आता शुद्ध उलटा संच टाका: १, ओमेगाचा वर्ग, ओमेगा. दुसरीकडे ओमेगाचा चौथा घात, म्हणजे फेरी वजा करून ओमेगा. तिसरीकडे ओमेगाचा वर्ग. बेरीज १ + ओमेगा + ओमेगाचा वर्ग, शून्य! सगळा खाली पडला. उलट्याची चाळणी हवी असेल तर ओमेगा आणि त्याचा वर्ग यांच्या जागा बदला.

हे मला बीटेकच्या तिसऱ्या वर्षी इलेक्ट्रिकलवाल्या रूममेटच्या वहीत दिसलं. मी कॉम्प्युटरचा, माझा काही संबंध नव्हता. पण वहीत उदाहरण होतं 'एक फेज तुटलेली मोटार', आणि मी जेवायचं सोडून बसलो.

तर बसा तुम्हीही. तिसरी वायर बंद. आमच्या त्या मोटारीची जोडणी स्टार होती. उरल्या दोन वायरी, म्हणजे एकीतून जेवढा करंट आत जाणार तेवढाच दुसरीतून परत येणार. पहिली १, दुसरी −१, तिसरी ०. सुलट्याच्या चाळणीतून: (१ − ओमेगाचा वर्ग) भागिले ३. उलट्याच्या चाळणीतून: (१ − ओमेगा) भागिले ३. आता लांब्या काढा. १ − ओमेगा म्हणजे ३/२ − आय √३/२. लांबीचा वर्ग ९/४ + ३/४ = ३, म्हणून लांबी √३. दुसऱ्याचीही √३, तो याचंच आरशातलं रूप आहे. तिनाने भागलं की दोन्ही ०.५७७.

दोन्ही सारखे.

मोटारीच्या आत सुलटं फिरणारं एक क्षेत्र आणि तेवढ्याच ताकदीचं उलटं फिरणारं दुसरं. उभ्या रोटरला दोघं विरुद्ध दिशांना सारख्याच जोराने ओढतायत. रोटर जाणार कुठे? जागच्या जागी थरथरतो. ती घूं घूं. माझा 'दोन तृतीयांश जोर' हा हिशोब मुळातच चुकला होता, कारण मी करंटची बेरीज करत होतो आणि मोटार वळणांची बेरीज करते. तिसरा फेज गेल्यावर फक्त जोर कमी होत नाही, उलट्या दिशेचं एक क्षेत्र नव्याने तयार होतं.

आणि ती कोरी कॉइल? तिसऱ्या वायरीत सुलट्याचा वाटा (ओमेगाचा वर्ग − ओमेगाचा चौथा घात) भागिले ३, उलट्याचा वाटा (ओमेगा − ओमेगाचा वर्ग) भागिले ३. चौथा घात म्हणजे ओमेगा. बेरीज करा, सगळं कटतं, शून्य. उरलेल्या दोन कॉइलींत मात्र मोटार उठताना ओढते तसला मोठा करंट रात्रभर, पंखा बंद, पाणी नाही. दोन काळ्या, एक कोरी. चाचांनी एका नजरेत सांगितलं होतं ते मी वहीच्या मागच्या पानावर दहा मिनिटांत काढलं.

मोटार आधीच फिरत असेल आणि मग फेज गेला तर ती फिरत राहते, कारण फिरत्या रोटरवर सुलट्या क्षेत्राचा जोर जास्त चालतो. पण तेव्हाही उरलेल्या दोन वायरी जास्त करंट ओढतात, आणि उलटं क्षेत्र रोटरला जवळपास दुप्पट वेगाने, साधारण १०० हर्ट्झने, कापत जातं. रोटर तापतो. पाणी पडतंय म्हणून कुणाला संशयही येत नाही. प्रिव्हेंटर त्यासाठी असतो. सारखा ट्रिप मारत असेल तर लाइनमध्ये खरंच काहीतरी कमी-जास्त होतंय, वायरमनला बोलवा. वायरचा तुकडा उचलू नका.

त्याच दिवशी होस्टेलमधून दादांना फोन लावला होता. सगळं समजावून सांगितलं, ओमेगा वगैरे. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे दोन बैल एकाच जूला, पण तोंडं उलटी." मी म्हटलं, हो, अगदी तेच. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "तो तुकडा मी अजून ठेवलाय, बरं का. स्टार्टरच्या पेटीत."

काल बघितला. आहे खरंच.

चला, घरचा अभ्यास. १ − ओमेगा, ज्याची लांबी √३ निघाली, त्याचा कोन −३०° आहे (कागदावर काढून बघा, आग्नेयेकडचा चतुर्थांश). याचा ६वा घात काढा. उत्तरात आय राहणार नाही, √३ पण राहणार नाही, एक पूर्णांक संख्या येईल. चिन्ह सांभाळा. आणि जमलं तर हेही सांगा: फुलंब्रीत आमच्या डीपीवर एका फेजला २३० व्होल्ट असतील, तर कुठल्याही दोन फेजमध्ये साधारण ३९८ का येतात? हिंट दिलेलीच आहे. उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू!